हान आधी की ग्रीडो? बदललेल्या विज्ञानपटांच्या आवृत्त्या ओळखायला शिकताना

“मी ‘स्टार वॉर्स’ पाहिलाय” असं कुणी म्हटलं की या विषयातला जाणकार लगेच विचारतो, “कुठला?” प्रश्न खोचक नसतो. २५ मे १९७७ला अमेरिकेत लागलेला सिनेमा, १९८१मध्ये पुन्हा लागलेला, १९९७ची स्पेशल एडिशन, २००४ची डीव्हीडी, २०११ची ब्लू-रे आणि २०१९पासून डिस्ने प्लसवर असलेला सिनेमा, या सगळ्यांत फरक आहेत. काही अर्ध्या सेकंदाचे, तर काहींनी एका पात्राचा स्वभावच बदलून टाकला: गोळी आधी हान सोलो झाडतो की त्याला धमकावणारा ग्रीडो, हा शीर्षकातला वाद त्यातलाच. नव्याने चर्चेत येणारा इथेच अडखळतो. तो एका आवृत्तीबद्दल बोलत असतो, समोरचा दुसरीबद्दल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून आधी आवृत्ती ओळखायची, मग बदल कोणत्या जातीचा ते ठरवायचं, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तपासायच्या आणि सगळ्यात शेवटी मत मांडायचं. आमचं मत आधीच सांगून ठेवतो: दिग्दर्शकाने आपला सिनेमा पुन्हा घडवला तर त्याला आमची हरकत नाही, पण लोकांनी थिएटरात पाहिलेला सिनेमा त्यासाठी बाजारातून नाहीसा करू नये. तुम्हाला उलट बाजू घ्यायची असली तरी साधनं हीच लागतील.

सामान थोडंच लागतं. कॉम्प्युटर, त्यावर व्हीएलसी प्लेअर आणि फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं मीडियाइन्फो (दोन्ही फुकट मिळतात), बरे हेडफोन आणि एक वही. डिस्क परदेशातून मागवणार असाल तर झोन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो विभाग, आधी बघा. भारताचा डीव्हीडी झोन ५ आणि ब्लू-रे झोन सी. अमेरिकेचे अनुक्रमे १ आणि ए. ४के यूएचडी डिस्कला झोन नसतो. अमेरिकेतून भावाने आणलेली जुनी डीव्हीडी इथल्या प्लेअरने नाकारली, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा झोन बदलता येतो, पण साधारणपणे पाचच वेळा. नंतर तो शेवटच्या झोनवर कायमचा अडकतो. तेव्हा गंमत म्हणून बदलत बसू नका.

पायरी १: लांबी मोजा, पण तिच्यावर विसंबू नका

डिस्कच्या वेष्टनावरचे ‘रीमास्टर्ड’, ‘अल्टिमेट’, ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ असले शब्द आशयाबद्दल काहीच सांगत नाहीत. कॉपीराइटचं सालही फसवं असतं, कारण ते बहुधा सिनेमाचं असतं, डिस्कचं नसतं. त्यामुळे सुरुवात लांबीपासून करायची. १९७७चा ‘स्टार वॉर्स’ १२१ मिनिटांचा, तर १९९७पासूनच्या आवृत्त्या सुमारे १२५ मिनिटांच्या. ‘एलियन्स’ १९८६मध्ये १३७ मिनिटांचा लागला, त्याची स्पेशल एडिशन १५४ मिनिटांची. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ १९७७चा १३५ मिनिटं, १९८०चा १३२ आणि १९९८चा १३७.

आता यातली मोठी मेख. भारतात आणि युरोपात विकल्या गेलेल्या अनेक डीव्हीडी आणि व्हीसीडी पॅल या टीव्ही पद्धतीच्या आहेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पॅल २५ने. त्यामुळे डिस्क बनवताना सिनेमा चार टक्के जास्त वेगाने पळवतात, आणि लांबी ०.९६ने गुणल्याइतकी कमी होते. १२१ मिनिटांचा सिनेमा ११६ मिनिटांत संपतो, आणि १२५ मिनिटांचा बरोबर १२० मिनिटांत! म्हणजे पॅल डिस्कवरची स्पेशल एडिशन १२० मिनिटं दाखवते आणि नवखा माणूस ती १९७७ची मूळ आवृत्ती समजून बसतो. हा गोंधळ फार वेळा होतो. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट पाहा. २५ असेल तर दाखवलेली मिनिटं ०.९६ने भागा आणि मगच तुलना करा. कानालाही हे कळतं: पॅलमध्ये आवाज अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी, पण जाणवेल इतका चढलेला असतो. सिनेमातलं संगीत मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिलं की लगेच लक्षात येतं.

भारतीय प्रतींत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे सेन्सॉरची कात्री. प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल तर सिनेमात काटछाट झाली आहे. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीत वाहिनीचे स्वतःचे कट असतात, आणि गेल्या दशकातल्या प्रदर्शनांत धूम्रपानाच्या इशाऱ्याची ओळही दिसते. यातलं काहीही दिग्दर्शकाने केलेला बदल म्हणून वादात आणू नका. दृश्य मध्येच तुटलं आणि पार्श्वसंगीतही त्याच क्षणी तुटलं, तर ती बहुधा कात्री असते. संकलकाने केलेल्या बदलात संगीत नीट जुळवून घेतलेलं असतं.

पायरी २: खुणेचे प्रसंग पाहा

प्रत्येक सिनेमात दोन-चार प्रसंग असे असतात, जे पाहून आवृत्तीचं साल सांगता येतं. अख्खा सिनेमा पाहायची गरज नाही.

‘स्टार वॉर्स’मध्ये सुरुवातीचा सरकता मजकूर पाहा. त्यावर ‘एपिसोड ४, अ न्यू होप’ असं नसेल तर तो १९७७चा. ही ओळ १९८१च्या पुनर्प्रदर्शनात जोडली गेली. मग कॅन्टीनाचा, म्हणजे मद्यपानगृहातला प्रसंग. टेबलाशी बसलेल्या हान सोलोला ग्रीडो धमकावतो. फक्त हानच गोळी झाडत असेल तर प्रत १९९७च्या आधीची. ग्रीडो आधी झाडतो, त्याचा नेम चुकतो आणि मग हान, असं असेल तर १९९७ची. दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटल्या तर २००४ किंवा २०११ची. आणि मरण्याआधी ग्रीडोच्या तोंडून ‘मॅक्लंकी’ असा विचित्र शब्द आला, तर ती २०१९ची किंवा त्यानंतरची. २००४ आणि २०११मध्ये निवड करायची असेल तर टॅटूइन ग्रहावरच्या दरीत लपलेला रोबोट आर२-डी२ पाहा. त्याच्या पुढ्यात मोठे दगड असतील तर प्रत २०११ किंवा पुढची. यान उभं असलेल्या गोदीत हान आणि गुंडांचा म्होरक्या जबा समोरासमोर बोलत असतील, तर प्रत १९९७च्या आधीची असूच शकत नाही.

‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये सम्राटाचा तरंगता चेहरा पाहा. इयन मॅकडायरमिड दिसला तर २००४ किंवा पुढची; आधीच्या आवृत्त्यांत चेहरा वेगळा आणि आवाज क्लाइव्ह रेव्हिलचा आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी तीन आत्मे दिसतात. त्यांतला अनाकिन हा म्हातारा सेबॅस्टियन शॉ असेल तर २००४च्या आधीची प्रत, तरुण हेडन क्रिस्टेन्सन असेल तर नंतरची. सम्राटाला उचलताना व्हेडर ‘नो’ म्हणून ओरडला, तर २०११ किंवा नंतरची.

‘ब्लेड रनर’मध्ये लांबी अगदीच निरुपयोगी आहे, सगळ्या मुख्य आवृत्त्या ११६-११७ मिनिटांच्या आसपास आहेत. तिथे असं करा. नायक डेकार्डचं निवेदन सुरुवातीपासून ऐकू येतं का? येत असेल तर १९८२ची थिएटर आवृत्ती, आणि तिच्या शेवटी डेकार्ड-रेचल डोंगराळ हिरवळीतून गाडीने जाताना दिसतील. ती हवाई दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित झालेल्या आणि न वापरलेल्या फिल्मची आहेत. निवेदन नाही, एकशिंगी घोड्याचं स्वप्न आहे आणि सिनेमा लिफ्टच्या दारावर संपतो, असं असेल तर १९९२चा डिरेक्टर्स कट किंवा २००७चा फायनल कट. या दोन्हींत फरक करायला रॉय बॅटी या रेप्लिकंटच्या (कृत्रिम माणसाच्या) हातून सुटलेलं कबुतर पाहा. पाऊस पडत असताना ते निळसर उजेडाच्या आकाशात उडालं तर १९९२, अंधाऱ्या शहरावरून उडालं तर २००७. आणखी खात्री हवी असेल तर पोलीस अधिकारी ब्रायंटचं वाक्य ऐका. सहा रेप्लिकंट पळाले, त्यांतला एक मेला, आणि उरलेले मात्र चारच, हा बेरजेचा घोळ १९८२ आणि १९९२मध्ये आहे. फायनल कटमध्ये मेलेले दोन आहेत.

‘ई.टी.’ची परीक्षा सगळ्यात सोपी. सायकलवरच्या मुलांना अडवणाऱ्या सरकारी माणसांच्या हातांत बंदुका दिसल्या तर १९८२, वॉकी-टॉकी दिसले तर २००२.

‘क्लोज एन्काउंटर्स’ आपल्याकडे मुद्दाम पाहावा असा आहे. त्यात हजारो माणसं आभाळातून ऐकलेले पाच सूर गातात, तो भारतातला प्रसंग पडद्यावर उत्तरेतला म्हणून येतो, पण चित्रीकरण मुंबई-पुणे रस्त्यालगत खालापूरजवळच्या हाळ गावात झालं. आवृत्ती ओळखण्यासाठी मात्र शेवट पाहा. नायक रॉय नेरी परग्रहवासीयांच्या महाकाय यानात शिरल्यावर आतला झगमगाट दिसला तर १९८०ची स्पेशल एडिशन. आतलं दृश्य नाही पण वाळवंटात पडलेलं जहाज आहे, तर १९९८. दोन्ही नाहीत तर १९७७. यानाच्या आतलं दृश्य ही स्टुडिओची अट होती आणि स्टीव्हन स्पीलबर्गने १९९८मध्ये ते काढून टाकलं. दिग्दर्शकाने स्वतः घातलेली भर स्वतःच परत घेतल्याचं हे उदाहरण वादात फार उपयोगी पडतं.

पायरी ३: बदल कोणत्या जातीचा?

इथे सर्वांत जास्त घाई होते. ‘सिनेमा बिघडवला’ असं म्हणण्याआधी काय बदललं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. संकलन बदललं (प्रसंग आला, गेला किंवा छाटला), प्रतिमेतली वस्तू बदलली (प्राणी, पार्श्वभूमी, चेहरा), रंग बदलला, ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) घासला, ध्वनी बदलला, किंवा चौकट कापली. एकाच डिस्कवर हे सगळं एकत्र असू शकतं, आणि एक बदल आवडला म्हणून दुसरा आवडलाच पाहिजे असं नाही. २००७च्या ‘ब्लेड रनर’मध्ये झोराच्या पाठलागात स्टंट करणाऱ्या बाईचा चेहरा स्पष्ट दिसत होता, तिथे मूळ अभिनेत्री जोआना कॅसिडीचा चेहरा बसवला. याला फारसा कुणी विरोध करत नाही. त्याच आवृत्तीच्या हिरवट-निळ्या रंगछटेवर मात्र आजही भांडणं होतात.

ग्रेनबद्दल थोडं सविस्तर, कारण नवखे इथे हमखास चुकतात. फिल्मवरचे बारीक कण ही घाण नव्हे, प्रतिमा त्या कणांचीच बनलेली असते. जुन्या विज्ञानपटांत यानं, तारे आणि स्फोट वेगवेगळे चित्रित करून ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक छापत. प्रत्येक छपाईत कण वाढतात. म्हणूनच ‘स्टार वॉर्स’च्या ट्रिकदृश्यांसाठी मोठ्या निगेटिव्हचा व्हिस्टाव्हिजन कॅमेरा वापरला, म्हणजे छपाईनंतरही चित्र बाकीच्या सिनेमाशी जुळावं. तरीही ट्रिकदृश्य सुरू होताना, किंवा एक दृश्य दुसऱ्यात विरघळण्याच्या क्षणभर आधी, चित्र किंचित मऊ आणि कणदार होतं. हे दिसलं तर घाबरू नका. तुमच्यासमोर बरीचशी प्रामाणिक प्रत आहे.

सॉफ्टवेअरने कण पुसले की चेहरे मेणाचे होतात, कापडाचा पोत जातो आणि हलत्या वस्तूंमागे पुसट शेपटी उरते. २०१०ची ‘प्रेडेटर’ची ब्लू-रे यासाठी कुप्रसिद्ध आहे. २०१७च्या ‘टर्मिनेटर २’च्या ४के आवृत्तीवर हीच टीका झाली, आणि २०२४मध्ये आलेल्या ‘एलियन्स’च्या ४के डिस्कवर सॉफ्टवेअरने ओढून काढलेल्या धारदारपणाची भर पडली. तपासायची जागा एकच: अंधाऱ्या खोलीतला जवळून घेतलेला चेहरा. केसांची कड, कपाळावरच्या बारीक रेषा आणि मागची भिंत पाहा. भिंत स्थिर, गुळगुळीत आणि डोळ्यांच्या पापण्या मात्र करकरीत असतील, तर यंत्राने हात फिरवलाय.

ध्वनीकडे दुर्लक्ष करू नका. १९७७मध्येच ‘स्टार वॉर्स’ची तीन मिश्रणं होती: ७० मिमीसाठी सहा ट्रॅकचं, ३५ मिमीसाठी डॉल्बी स्टिरिओ आणि साध्या थिएटरांसाठी मोनो. मोनोमध्ये नायक ल्यूकच्या बेरू मावशीचा आवाजच वेगळा आहे. तेव्हा ‘मला हे वाक्य असं आठवतं’ म्हणणारे दोघं जुने प्रेक्षक भांडत असतील, तर दोघांच्याही आठवणी खऱ्या असू शकतात. ‘द टर्मिनेटर’चं १९८४चं मोनो आणि नंतरचं ५.१ मिश्रण यांत बंदुकांचे आवाज बदललेले आहेत. हेडफोन लावून एक गोळीबार ऐकला की कळतं.

आणखी एक जात आहे, सक्तीच्या पुनर्निर्मितीची. ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’च्या २००१च्या डिरेक्टर्स एडिशनमधली संगणकी दृश्यं डीव्हीडीपुरत्या कमी रिझोल्यूशनमध्येच बनवली होती. त्यामुळे ती आवृत्ती ब्लू-रेवर तशीच नेता आली नाही, आणि २०२२च्या ४के आवृत्तीसाठी ती दृश्यं नव्याने करावी लागली. १९७९ची फिल्म मात्र पुन्हा स्कॅन करता येते. ‘सुधारित’ भाग आधी जुना होतो आणि फिल्म टिकते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पायरी ४: मूळ प्रत कुठून येते?

‘स्टुडिओने मूळ सिनेमा नुसता स्कॅन करून द्यावा’ असं म्हणणं सोपं आहे. ‘स्टार वॉर्स’ची निगेटिव्ह १९९०च्या दशकात बाहेर काढली तेव्हा तिचे रंग उतरलेले होते, आणि काही ट्रिकदृश्यं ज्या फिल्मवर छापली होती ती विशेषच लवकर विटणारी निघाली. निगेटिव्ह सुटी करून धुतली, दुरुस्त केली, आणि नवी दृश्यं त्याच निगेटिव्हमध्ये जोडली गेली. त्यामुळे आज १९७७ची आवृत्ती हवी असेल तर काढलेले तुकडे, जपलेल्या दुय्यम प्रती आणि जुन्या प्रिंट यांतून ती जुळवावी लागते. कष्टाचं काम आहे, अशक्य नाही.

प्रिंटचंही शास्त्र आहे. त्या काळातल्या साध्या ईस्टमन प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून जुनी प्रिंट गुलाबी पडते. टेक्निकलरच्या रंग-छपाईच्या प्रिंट विटत नाहीत. लंडनमध्ये १९७७साली अशा प्रिंट निघत होत्या, आणि जून २०२५मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्यांतली एक जपलेली प्रिंट लंडनमध्ये दाखवली. रंगाच्या वादात म्हणून ‘कुठल्या प्रिंटवरून?’ हा प्रश्न आधी यायला हवा.

स्टुडिओने घरी पाहण्यासाठी दिलेली मूळ आवृत्ती शेवटची मिळाली ती सप्टेंबर २००६च्या डीव्हीडी संचातल्या जादा डिस्कवर. ती १९९३च्या लेझरडिस्कच्या मास्टरवरून केलेली आहे. रुंद टीव्हीवर चित्र मध्यभागी लहान दिसतं आणि चारही बाजूंनी काळी पट्टी येते. टीव्हीच्या मेनूत ‘झूम’ निवडा, पण प्रत्यक्ष चित्राला उभ्या जेमतेम २७० ओळी मिळतात, म्हणून मोठं केल्यावर ते फाटतं. तरीही संकलन आणि ध्वनी तपासायला ही डिस्क उत्तम आहे.

रसिकांनी स्वतः केलेल्या प्रतींची नावं तुमच्या कानावर येतीलच. त्यांत दोन प्रकार आहेत. ‘डिस्पेशलाइज्ड’ ही अनेक स्रोतांतून जुळवलेली पुनर्रचना आहे, तर ‘४के७७’ ३५ मिमी प्रिंटच्या स्कॅनवर उभी आहे. दोन्हींना हक्कधारकांची परवानगी नाही, हे स्पष्ट माहीत असू द्या. आणि जुळवलेल्या प्रतीचा रंग पुरावा म्हणून कधीही मांडू नका. तो करणाऱ्याच्या नजरेचा असतो.

तुकड्यांतून मूळ कसं उभं राहतं हे पाहायचं असेल तर ‘मेट्रोपोलिस’. १० जानेवारी १९२७ला बर्लिनमध्ये दाखवलेला फ्रिट्झ लांगचा सिनेमा लगेचच कापला गेला. २००८मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रतीची १६ मिमी निगेटिव्ह सापडली आणि २०१०मध्ये नवी आवृत्ती आली. सापडलेले भाग ओरखड्यांनी भरलेले आहेत आणि चौकटीत थोडे लहान दिसतात. पुनर्स्थापकांनी ते लपवले नाहीत. कुठला भाग कुठून आला हे प्रेक्षकाला दिसतं, आणि आमच्या मते पुनर्स्थापन असंच असावं.

पायरी ५: दोन आवृत्त्या शेजारी ठेवा

व्हीएलसीमध्ये ‘ई’ दाबलं की सिनेमा एकेक फ्रेम पुढे सरकतो. शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबलं की चित्र साठवलं जातं. चित्र पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजीत कण आणि बारीक रंग चिरडले जातात, मग ग्रेनवर बोलायला काही उरत नाही. स्ट्रीमिंग सेवेतून चित्र घेतलं तर काळा चौकोन मिळेल, ती कॉपी-संरक्षणाची व्यवस्था आहे. तिथे फक्त वेळ टिपा.

वेळ टिपताना सिनेमाची सुरुवात शून्य धरा, डिस्कची नव्हे. स्टुडिओच्या बोधचिन्हांची लांबी आवृत्तीगणिक बदलते आणि दहा-वीस सेकंदांचा फरक तिथूनच येतो. पहिला संवाद किंवा पहिला ठरावीक कट शून्य मानला की हिशोब जुळतो. पुढे एखाद्या जागी फरक अचानक वाढला, तर त्या दोन खुणांच्या मध्ये काहीतरी घातलं किंवा काढलं गेलंय. मधोमध उडी मारत शोधा, पाच-सहा उड्यांत नेमका कट सापडतो.

रंगाची तुलना करताना एचडीआरची (जास्त उजेड आणि रंग साठवणारी) फाइल साध्या मॉनिटरवर उघडू नका. ती फिकी, राखाडी दिसते आणि लोक ‘रंग मारले’ म्हणून ओरड करतात. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर नको, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एका फ्रेमवर निष्कर्ष काढू नका. त्याच प्रसंगातल्या तीन फ्रेम घ्या: एक कातडीच्या रंगाची, एक पांढऱ्या वस्तूची, एक काळोखाची. तिन्हींत एकाच दिशेने झुकाव दिसला तरच छटा बदलली असं म्हणा. २००४च्या ‘स्टार वॉर्स’ डीव्हीडीत यानात सराव करणाऱ्या ल्यूकची निळी तलवार हिरवट दिसते, ते असंच सगळा प्रसंग तपासून सिद्ध झालेलं उदाहरण आहे.

पायरी ६: आता वाद घाला

मुद्दा लिहिताना सिनेमा, आवृत्तीचं साल, माध्यम आणि वेळ एवढं पहिल्याच ओळीत द्या. ‘जेडाय, २०११ ब्लू-रे, सम्राटाच्या मृत्यूचा प्रसंग’ असं लिहिलं की निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

निर्मात्याच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा समजू नका. ‘स्टार वॉर्स’चा दिग्दर्शक जॉर्ज लुकासने पैसा आणि तंत्र तोकडं पडल्यामुळे मनातलं चित्र १९७७मध्ये उतरलं नाही, असं वारंवार सांगितलं आहे. ‘ब्लेड रनर’चा दिग्दर्शक रिडली स्कॉटचा फायनल कट आज बहुतेकांना थिएटर आवृत्तीपेक्षा सरस वाटतो, आम्हालाही वाटतो. पहिल्यांदा ‘ब्लेड रनर’ पाहणाऱ्याने तोच पाहावा.

पण ‘दिग्दर्शकाचा हक्क’ हा शब्द सरसकट वापरला की तुम्ही अडचणीत याल. ‘एम्पायर’चा दिग्दर्शक अर्विन कर्शनर होता, ‘जेडाय’चा रिचर्ड मार्क्वंड, आणि मार्क्वंड १९८७मध्ये वारला, त्याच्या सिनेमातले सगळे बदल त्यानंतरचे आहेत. ‘डिरेक्टर्स कट’ या शिक्क्याचंही तसंच. ‘ब्लेड रनर’चा १९९२चा कट स्कॉटच्या टिपणांवरून इतरांनी घाईत केला होता. ‘एलियन’ची २००३ची आवृत्ती तर मूळ सिनेमापेक्षा मिनिटभर लहान आहे, आणि आपल्याला १९७९चाच कट पसंत असल्याचं स्कॉटने स्वतः सांगितलं आहे.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ला संकलन आणि दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. ती जॉन डायक्स्ट्रा, रिचर्ड एडलंड, मार्शिया लुकास, पॉल हर्श यांच्यासारख्यांच्या हातांची कामगिरी आहे, आणि ज्या कामाला पुरस्कार मिळाला ते आहे तसं पाहायला मिळणं हा अभ्यासकाचा साधा हक्क आहे. मार्च १९८८मध्ये लुकास आणि स्पीलबर्ग अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गेले होते, ते कृष्णधवल सिनेमे रंगवण्यासारख्या बदलांच्या विरोधात बोलायला. त्याच वर्षी झालेल्या कायद्यातून राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली, आणि १९८९च्या पहिल्या २५ सिनेमांत ‘स्टार वॉर्स’ होता. हा मुद्दा लुकासला खोटं पाडायला वापरू नका. परक्याने केलेला बदल आणि स्वतः केलेला बदल यांत त्याने फरक केला, तो फरक तुम्हाला पटतो का, हे सांगा.

‘दोन्ही ठेवणं परवडत नाही’ असं कुणी म्हणालं तर उदाहरणं तयार ठेवा. २००७च्या ‘ब्लेड रनर’ संचात पाच आवृत्त्या आहेत. ‘क्लोज एन्काउंटर्स’च्या तिसाव्या वर्षाच्या संचात तिन्ही. मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या ब्लू-रेवर जुनी आणि नवी ट्रिकदृश्यं रिमोटवरून निवडता येतात. २०१२च्या ‘ई.टी.’ ब्लू-रेवर तर १९८२चीच आवृत्ती आहे. बंदुका काढल्याचा पस्तावा स्पीलबर्गने जाहीरपणे बोलून दाखवला.

घरात जुनी टेप सापडली तर

‘स्टार वॉर्स’च्या १९९७च्या आधीच्या व्हीएचएस टेप मूळ आवृत्तीच्या असतात, म्हणून त्या फेकू नका. पण मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात ठेवलेली टेप लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. झाकण उचलून रिळाच्या कडेवर पांढुरकी पूड दिसते का पाहा. ती बुरशी असते, आणि एक बुरशीची टेप चालवली की ती हेडवर बसते व पुढच्या प्रत्येक टेपला लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत बंद करा आणि साफ करून घेतल्याशिवाय चालवू नका. टेप स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. कॉम्प्युटरवर उतरवताना चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत विभागलेलं) आहे तसंच ठेवा, आवाज दाबू नका, ‘सुधारणा’ करणारे फिल्टर बंद ठेवा. फाइलच्या नावात टेपच्या वेष्टनावरचं साल, पॅल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) आणि उतरवल्याची तारीख लिहा, आणि वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.